गाणं आमचं, क्लेम आमच्यावर

हळदीच्या सीझनसाठी गाणं काढताय आणि 'सगळ्या ॲपवर टाकून देतो' म्हणणारा कुणी भेटलाय? मग हे वाचा आणि नंतर त्याला फाइल पाठवा.

घणसोलीत आमचा छोटा ग्रुप आहे. मी गाणी लिहितो, भाचा चाल बांधतो, गाते आमच्याच आळीतली एक पोरगी. स्टुडिओ, बेंजो, ढोलकी, मिक्सिंग, दिवाळे बंदरावरचं शूटिंग आणि नाचणाऱ्या पोरांचं जेवणखाण धरून एका गाण्याला सव्वा लाखाच्या वर गेले. तुळशीचं लग्न लागलं की आगरी-कोळी गावांत हळदी सुरू होतात. गाणं त्याआधी लोकांच्या कानावर पडलं नाही तर वर्ष फुकट जातं. आम्हाला भेटलेल्या अशाच एका माणसालाही हे पक्कं ठाऊक होतं.

वाशीला त्याचं ऑफिस, कार्डावर 'डिजिटल म्युझिक डिस्ट्रिब्युशन'. "दादा, तुम्ही फक्त गाणं द्या, बाकी माझ्यावर सोडा." कमाईचे ऐंशी टक्के आमचे, वीस त्याचे. वेव्ह फाइल, म्हणजे पूर्ण दर्जाची ऑडिओ फाइल, मागितली, ती सगळेच वितरक मागतात. पण त्याने ढोलकी, बेंजो, गळा असे सगळे ट्रॅक सुटे मागितले, 'लेव्हल तपासायच्यात' म्हणून. वितरणाला तयार मास्टर, म्हणजे सगळं मिसळून पक्कं झालेलं गाणं, पुरतो. सुटे ट्रॅक लागतात ते रिमिक्स करणाऱ्याला.

फाइल गेली आणि तारीख पुढे सरकायला लागली. कधी 'ॲपवाल्यांचं अप्रूव्हल बाकी आहे', कधी 'पोस्टरची साइज चुकली'. तेवढ्यात कोपरखैरण्याला एका हळदीत आमचं गाणं डीजेवर वाजलं. रिलीज व्हायच्या आधी! वेग थोडा वाढवलेला, पट्टी वर चढवलेली, सुरुवातीला कुणा भलत्याच्याच नावाचा आवाज चिकटवलेला. गळा मात्र आमच्या पोरीचा. डीजेवाल्या पोराने सरळ सांगितलं, टेलिग्रामच्या ग्रुपवर मिळालं.

त्या पोरावर माझा राग नाही. लग्नात आणि लग्नाच्या कार्यक्रमांत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यानेच सूट दिली आहे, कलम ५२ मध्ये. चोरीची फाइल वाटणं त्या सुटीत बसत नाही, पण वाटणारा दुसराच होता.

शेवटी आम्हीच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि लगेच त्यावर कॉपीराइट क्लेम आला. मालक म्हणून भलत्याच लेबलचं, म्हणजे म्युझिक कंपनीचं, नाव. भाचा नुसता बघत राहिला. "आपलाच गाना आन् आपल्यालाच क्लेम?"

यातली मेख अशी आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. मालक म्हणवणारा तिथे मूळ फाइल जमा करतो, मशीन तिचा ठसा घेतं आणि नवा व्हिडिओ आला की ताडून बघतं. जुळलं की मालकाने तो बंद करावा, नुसता नजरेखाली ठेवावा किंवा त्यावरचे जाहिरातीचे पैसे घ्यावेत. ही सोय आपल्यासारख्यांना थेट मिळत नाही, मोठ्या कंपनीमार्फत किंवा वितरकामार्फत जावं लागतं. मशीन गळा कुणाचा हे विचारत नाही, फाइल कुणी जमा केली एवढंच बघतं. पूर्वी चोरीच्या कॅसेट विकत, पुढे मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डं भरून देत. त्यात आपली विक्री बुडायची, पण गाण्यावरचं नाव आपलं राहायचं. इथे नावही गेलं.

मग त्याच माणसाचा मेसेज आला. "ओळखीने क्लेम काढून देतो, पंधरा हजार लागतील." तेव्हा सगळं लख्ख दिसलं. त्याला एक पैसाही दिला नाही.

क्लेम आला की पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. तसं केलं तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई यूट्यूब राखून ठेवतं. उशीर केला तर हरकतीच्या दिवसापासूनचीच राखली जाते. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात आणि ते आरामात घेतात. हळदीच्या सीझनमध्ये ३० दिवस म्हणजे काय, हे बेंजोवाल्याला विचारा. कार्यक्रमाची बरी सुपारी मिळते ती ताज्या गाण्यावर.

आमचा पुरावा म्हणजे स्टुडिओतल्या सेशनच्या तारखा, बिलं, शूटिंगची कच्ची फाइल आणि भाच्याने मला पहाटे पाठवलेली गुणगुणती व्हॉइस नोट. या चार गोष्टींवर आमच्या व्हिडिओवरचा क्लेम सुटला. तोवर सीझन सरला होता आणि आमचं गाणं वापरणाऱ्या दुसऱ्या चॅनलवरची कमाई त्या लेबलच्याच खिशात गेली होती. गाणाऱ्या पोरीला ठरलेल्या मानधनातले निम्मे मी अजून देणं लागतो.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं, "हे सिव्हिल आहे, कोर्टात जा." ओळखीच्या वकीलबाईंनी कागद काढून दिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात सांगितलंय की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, दंड ५० हजार ते २ लाख. तो कागद पुढे केल्यावर अर्ज घेतला गेला. कॉपीराइटची नोंदणी नव्हती हा मुद्दाही निघाला, पण नोंदणी सक्तीची नाही. गाणं तयार झालं की हक्क आपोआप लागतो.

त्याने सहीला पाठवलेला करार वकीलबाईंनी नंतर वाचला. इंग्रजीतली बारीक अक्षरं, 'सर्व हक्क, कायमचे, जगभर'. सही झाली नव्हती हे नशीब. पण तुमची झाली असेल तरी हबकू नका. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. आणि करारात मुदतच लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने नवं कार्ड वाटतोय. आमच्या अर्जाला पनवेलच्या आणि कळव्याच्या दोन ग्रुपची जोड मिळाली आहे, त्यांच्याकडूनही त्याने सुटे ट्रॅकच मागितले होते. तुम्हालाही असा फोन आला असेल तर त्याचे मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, फाइल कधी पाठवली ती तारीख लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. अर्जाला ते जोडायचे आहेत.