बिनकाट्याचं कंपाऊंड घेऊ का? खानापूरकडच्या माळावरचा अनुभव

बरेच जण विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. जांबोटी रोडच्या बाजूला आमचा गवताचा माळ आहे. भात-ऊस काही नाही, गायी-म्हशी सोडायच्या आणि दिवाळीनंतर गवत कापून गंज्या घालायच्या एवढंच. त्याला वडिलांच्या वेळचं पाच पदरी काटेरी तारेचं कंपाऊंड होतं. ते काढून बेळगावच्या एका फेन्सिंगवाल्याकडून साध्या गुळगुळीत तारेचं मारून घेतलं, म्हणजे गुरं आत राहावीत पण भेकर-सांबराला जाता-येता यावं असं. नाव टाकत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत. माल चांगला, तार ताणायचं काम एक नंबर, पण मापावर आपण स्वतः उभं राहायला लागतं आणि पैसे पोचले की माणूस फोन उचलत नाही. पाचपैकी साडेतीन.

आता बिनकाट्याचं का, तर आमच्या माळाच्या मागं सगळं जंगलच आहे, पुढं जाऊन ते भीमगडच्या अभयारण्याला लागतं (२०११ साली जाहीर झालं ते), त्यामुळं जनावरांची ये-जा कायमची. जुन्या तारेत एकदा भेकर अडकलेलं सकाळी बघितलं, आणि ते कसं अडकलं ते नीट बघितल्यावरच डोक्यात शिरलं. हरीण उडी मारताना मागचे पाय पोटाखाली पुढं घेतं, ते पाय वरच्या दोन तारांच्या मधून गेले की जनावर पलीकडं पडतं आणि त्या दोन तारा पायाभोवती कात्रीसारख्या पिळून बसतात. वरची तार ढिली असली की हे हमखास. ह्या भेकराचा पाय गुडघ्याच्या खाली हाडापर्यंत सोललेला होता आणि खालचं गवत त्यानं तडफडून पार उकरून काढलं होतं. फॉरेस्टवाल्यांना कळवलं, ते येईपर्यंत संपलं होतं.

अमेरिकेत युटा आणि कोलोराडोच्या चराऊ रानात ह्याची मोजणी झालीय, तिथं साधारण ४ किलोमीटर कुंपणामागं वर्षाला सरासरी एक जनावर तारेत अडकून मेलेलं सापडलं. आकडा लहान वाटेल, पण तिकडं कुंपणं किती हजार किलोमीटर आहेत त्याचा विचार करा. मोंटाना, वायोमिंगकडं प्राँगहॉर्न म्हणून हरणासारखं एक जनावर आहे, ते पळायला जबरदस्त पण कुंपणावरून उडी सहसा मारत नाही, तारेच्या खालून सरपटतं. म्हणून तिकडं खालची तार गुळगुळीत आणि जमिनीपासून निदान १६ इंच वर ठेवतात, सगळ्यात वरची ४०-४२ इंचाच्या वर नेत नाहीत आणि वरच्या दोन तारांत १२ इंच अंतर सोडतात म्हणजे पाय पिळत नाहीत. आपल्याकडं प्राँगहॉर्न नाही, पण भेकर खालून जातं, चितळ-सांबर वरून जातं, त्यामुळं माप तेच चालतं. आम्ही चार तारा मारल्या, १६, २२, २८ आणि ४० इंचावर.

ही मापं कागदावर लिहून दिलेली होती तरी फेन्सिंगवाल्याची पोरं पहिल्याच दिवशी खालची तार ८ इंचावर बांधून मोकळी. का रे बाबा? तर "अण्णा, डुक्कर येतंय की खालनं." अरे डुक्कर ८ इंचातून पण येतं, उकरून येतं, त्याला तार कळत नाही! आणि माळावर डुकरानं येऊन काय खायचंय, गवत? शेवटी काठीला चार खुणा करून ती काठीच त्यांच्या हातात दिली. त्यांची सवयच काटेरी तारेची. वरची तार पण ५ फुटावर न्यायला निघाले होते, उंच दिसलं की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं म्हणे.

रेटचं. दुकानदार किलोवर भाव सांगतो आणि किलोला गुळगुळीत एचटी (हाय टेन्साईल, म्हणजे जास्त ताण सोसणारी) तार महाग दिसते, तिथंच लोक मागं फिरतात. पण अडीच एमएमची एचटी तार किलोत २६ मीटरच्या आसपास भरते आणि १२ गेजची काटेरी तार दोन पदरी, वर काटे, म्हणून किलोत ९-१० मीटरच. मीटरवर हिशोब करा, तारेचा खर्च कमीच येतो. पैसा जातो तो कोपऱ्यांत. ही तार नुसती हातानं ओढून भागत नाही, रॅचेट टेन्शनर लावून ताणायला लागते आणि तो सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो, त्यामुळं तिथं दोन खांब, मधे आडवा आणि तिरकी तार असा एच टेकू लागतो. मधले खांब मात्र लांब-लांब चालतात, आमचे जुने दगडी खांबच वापरले, साधारण ५ मीटरवर एक, बाकीचे काढून ठेवलेत. मधल्या खांबाला तार आवळून बांधायची नाही, कड्यातून सरकती ठेवायची, म्हणजे एखादं जनावर आदळलं तर ताण सगळ्या लांबीवर वाटला जातो. हे काम पोरांनी खरंच सुंदर केलंय, तारेवर टिचकी मारली की लांबपर्यंत आवाज जातो.

जुनी तार काढणं हे अर्धं काम आहे आणि कोटेशनमध्ये त्याची एकच ओळ असते. आमची तार कुठं घाणेरीच्या जाळीत, कुठं मातीखाली, दोन-तीन ठिकाणी तर ऐनाच्या खोडानं गिळून टाकलेली, ती तिथंच तोडून ठेवली, झाड कशाला पाडायचं. गंजलेली तार पकडीनं तोडताना बारके तुकडे उडतात आणि गवतात पडतात, हा खरा धोका. म्हैस गवत चावून बघत बसत नाही, तुकडा गिळते, तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथून हृदय जवळच, टोचत टोचत पुढं सरकला की जनावर खाणं सोडतं, दूध तुटतं. डॉक्टर म्हणूनच गुरांना लोहचुंबक गिळायला देतात. पोरांनी बंडल भंगारवाल्याला घातली आणि "झालं साफ" म्हणून हात झटकले. मग मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या लाईनीवरून ओढत फिरलो, त्याला काटे, यू खिळे, तारेची टोकं असा दाढी वाढल्यासारखा झुबका चिकटून आला. दोन पावसाळे तर तिथं चरणार आहेत म्हशी. हे काम कंत्राटात लिहून घ्या.

आमचे आबा सुरुवातीपासून विरोधात. "बिनकाट्याची तार म्हंजे म्हशीला पाठ घासायला दिलेली दोरी हाय" म्हणाले, आणि पहिल्या आठवड्यात अगदी तसंच झालं, म्हशी ओळीनं उभ्या राहून घासायलेत! म्हणून २८ इंचाच्या तारेवर सोलर झटका मशीन जोडलं. बारा व्होल्टची बॅटरी, त्यावर एनर्जायझर, म्हणजे तारेत झटके सोडणारा डबा. झटका सेकंदाला एक आणि तो पण क्षणभराचा, व्होल्टेज हजारांत असलं तरी जीव जात नाही, नाकाला एकदा लागला की म्हैस परत तारेच्या वाटेला जात नाही. खालून जाणाऱ्या भेकराला तो लागत नाही, उडी मारणाऱ्याला पण नाही. ह्याच्यात आणि घरची लाईन तारेत सोडण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ते दुसरं सरळ गुन्हा आहे, त्यात गवे मेलेत आणि माणसं पण मेलीत, आपल्याच तालुक्यात कशाला, सगळीकडं. मशीन घेताना आयएस ३०२ चा (विजेच्या उपकरणांच्या सुरक्षेचं भारतीय मानक) मार्क बघून घ्या, गावठी जुगाड नको.

झटक्याचे दोन वांदे. एक म्हणजे आमच्याकडची जुलैची झड. आठ-आठ दिवस ऊन नाही, पॅनल नुसतं शोभेला. बॅटरी घरी आणून चार्ज करायची, नाहीतर दोन ठेवायच्या. त्यात गवत कमरेएवढं होतं, ओलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत, पुढच्या टोकाला काहीच नाही. लाईनीखालचं गवत कापत राहायला लागतं, ह्याला सुटका नाही. दुसरं, उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी जमीन वाळून खडखडीत, अर्थिंगच लागत नाही. फेन्सिंगवाल्यानं एकच रॉड ठोकला होता, मी अजून तीन ठोकून घेतले आणि वर कळशीभर पाणी, मग ठीक.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नाल्याकडचा पाडता येणारा तुकडा. उन्हाळ्यात गवे तिथून पाण्याला उतरतात, आणि नर गवा टनाच्या जवळपास जाणारा प्राणी, त्याला तुम्ही कुठल्या तारेनं अडवणार? पूर्वी दर वर्षी तिथलं कंपाऊंड मोडायचं, दर वर्षी आम्ही बांधायचो. आता तिथं तारा हुकांवर आहेत, गुरं दावणीला असतात त्या महिन्यांत हुक काढून तारा जमिनीवर पाडून ठेवतो. गवे येतात, जातात. बाकीच्या लाईनीवर वरच्या तारेत ड्रिपची जुनी लॅटरल (ठिबकची बारकी नळी) उभी चिरून बसवलीय, काळी असली तरी जाड दिसते, धुक्यात जनावराला तार आधीच कळते. पांढरा पाईप मिळाला तर अजून चांगलं.

नाल्याचाच कोपरा मात्र पहिल्या मोठ्या पावसात कलला, खांब उथळ पुरलेला, बुडाला नुसती माती. चारी तारा ढिल्या. फोन केला तर "गणपती झाले की येतो", गणपती गेले, दसरा गेला, शेवटी पोरं आली ती दिवाळीच्या तोंडावर, तोपर्यंत आम्हीच वासा लावून टेकू दिला होता. बॅलन्सचे पैसे पहिला पाऊस जाईपर्यंत हातात ठेवा, मी आधीच देऊन बसलो होतो.

शेळ्या असतील तर हे घेऊ नका, १६ इंचातून शेळी आरामात जाते, मागून पिल्लं. ऊस, भात, भाजीपाला असेल तरी नको, कारण हे कंपाऊंड डुक्कर-सांबराला अडवायला नाहीच, त्याचा उद्देशच उलटा. मोठी गुरं आणि गवताचा माळ असेल तरच. आणि गेटचा रेट वेगळा लावतात, फुटाच्या भावात धरत नाहीत, ते आधी विचारून घ्या.