अमळनेरच्या भिंतीवर प्रोजेक्टर: दिवाळी ते पोळा

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. जुने सिनेमे भिंतीवर मोठे करून बघायचे असतील तर वीस हजाराच्या आतबाहेरचा घरगुती प्रोजेक्टर खुशाल घ्या. नवे, निम्मे अंधारात घडणारे सिनेमे बघायचे असतील तर तेवढे पैसे जळगाव-धुळ्याच्या थिएटरांच्या तिकिटांवर खर्च करा. गेल्या दिवाळीत यंत्र घरात आलं, आता पोळा होऊन गेला. थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं त्याने पाहिलंय आणि त्याच्यावर आम्ही पाहिलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रं आतून सख्खी भावंडंच असतात.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडं. ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, हजारांत छापलेले असतात, ते वाचूच नका. 'अ‍ॅन्सी ल्युमेन' असा बारीक अक्षरातला, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा शोधा. आमच्या यंत्राचा तो चारशेच्या घरात आहे. म्हणजे खिडक्या बंद, ट्यूबलाइट बंद, मग शंभर इंची चित्र झकास. दिवसा पडदे लावूनही फिकट. '4के सपोर्ट' याचा अर्थ 4के फाइल घेतो एवढाच, भिंतीवर पडतं ते 1080पीच, म्हणजे फुल एचडी. शंभर इंचांसाठी भिंतीपासून साधारण नऊ फूट अंतर लागतं, तेव्हा खोली मोजूनच दुकानात जा. आणि यंत्र तिरकं ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ करू नका, त्यात कडांची धार जाते. आम्ही देवळीत फळी ठोकून ते बरोबर समोर बसवलं.

भिंतीचं महत्त्व मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या मागच्या खोलीला दरवर्षी चुना मारतात आणि चुन्यात नीळ घालतात. रंगीत सिनेमा लावला की सगळ्या नट्या गारठल्यासारख्या निळसर दिसायच्या. काळ्या-पांढऱ्याला मात्र त्या निळीने काही बिघडत नाही, उलट चांदीसारखी झाक येते. आमच्या घरात जुन्या सिनेमांचा नंबर आधी लागला तो असा, रसिकतेपेक्षा चुन्यामुळे. पुढे मांजरपाट आणून दुहेरी शिवून घेतलं, वर-खाली बांबू घातले. एकेरी मांजरपाटातून निम्मा उजेड आरपार जातो, हे लक्षात ठेवा.

या भिंतीवर सगळ्यात आधी 'श्यामची आई' लागणार हे ठरलेलंच होतं. साने गुरुजी 1924 ते 1930 इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे अमळनेरात त्यांच्याबद्दल प्रत्येकाच्या घरी काही ना काही ऐकलेलं असतंच. अत्र्यांचा 1953 चा सिनेमा, राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला पहिला. टीव्हीवर तो लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला. आठ-नऊ फूट रुंद भिंतीवर आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा आला तेव्हा कळलं की त्या किती कमी करतात. श्यामवर रागावताना ओठ घट्ट मिटतात आणि डोळे तसेच मऊ राहतात. फोनच्या पडद्यावर यातलं काही हाताला लागत नाही. प्रिंटवर ओरखडे आहेत, आवाजाला खरखर आहे, पण पाच मिनिटांनी दोन्हीचा विसर पडतो.

त्यानंतर सुजय डहाके यांचा 2023 चा 'श्यामची आई' लावला. तोही काळा-पांढराच. तुलना करायची नाही म्हणता म्हणता केलीच. नव्याचं चित्र स्वच्छ, सावल्या खोल, ओम भुतकरांचे गुरुजी संयत. पण याच खोल सावल्यांपाशी आमचं यंत्र हात टेकतं. या किमतीच्या प्रोजेक्टरला काळा रंग दाखवताच येत नाही, तो दाखवतो राखाडी. 1953 च्या छायाचित्रणात चेहऱ्यावर भरपूर उजेड टाकलेला असतो, त्यामुळे राखाडीतही माणूस दिसतो. नव्यात मुद्दाम अंधारात ठेवलेला कोपरा राखेत बुडतो. दोष सिनेमाचा नाही. थिएटरात हाच सिनेमा मला आवडला होता.

'तुंबाड'ने तर पुरती फजिती केली. पावसातला वाडा, कंदिलाचा उजेड, तळघर. शेजारचे जिभाऊ मोठ्या कौतुकाने येऊन बसले होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "आते बठ्ठं काळंच दखाई ऱ्हायनं भो!" मी ब्राइटनेस वाढवला तर काळ्याचं दूध झालं. 2024 मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांना लागला होता, तेव्हा ज्यांनी पाहिला त्यांनी बरं केलं. त्याउलट 'सैराट' लावा, करमाळ्याकडचं ऊन भिंतीवरून खोलीत उतरतं. म्हणजे जुनं-नवं यापेक्षा दिवसा घडणारं की रात्री घडणारं, हा या यंत्राचा खरा निकष. फक्त जुन्यातली रात्रसुद्धा उजेडातच चित्रित झालेली असते, म्हणून पारडं तिकडे झुकतं.

नव्यांतला एक सिनेमा या भिंतीने मला नव्याने दाखवला, तो चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. लॅपटॉपवर पाहिला तेव्हा कंटाळलो होतो. कॅमेरा लांब ठेवलेला, हलत नाही. भिंतीवर त्याच चौकटीच्या कोपऱ्यांत माणसं दिसायला लागली. आपली पाळी कधी येते याची वाट बघणारे, कागद चाळणारे. खटला मध्यभागी चाललाय आणि सिनेमा कडेला. असे सिनेमे छोट्या पडद्यावर बघून मत बनवू नये, असं आता माझं ठाम मत आहे.

आता आमच्या घरची मानकरी, स्मिता पाटील. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे खान्देशात ती 'आपली'च. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी, आत्या माहेरी आल्या तेव्हा गच्चीवर 'उंबरठा' लावला. 1982 चा सिनेमा, नवरा-सासू-नोकरी यावरून मध्येच असा वाद पेटला की दोनदा थांबवावा लागला. आत्याचं म्हणणं, तिने पोरीला सोडून जायला नको होतं. धाकटी बहीण म्हणाली, सुधारगृहात काम करते म्हणून तिला नावं ठेवता, तेच नवरा करता तर कौतुक केलं असतं. माझ्या मते अशा वादासाठी तरी घरात प्रोजेक्टर असावा. टीव्हीसमोर जो तो आपल्या फोनमध्ये असतो. 'जैत रे जैत' दुसऱ्या रात्री लावला. त्यातले डोंगर मांजरपाटावर वाऱ्याने हलत होते, पोरांना वाटलं तसंच चित्रित केलंय.

पण 'जैत रे जैत'ची आम्हाला मिळालेली कॉपी विटलेली, गुलाबी पडलेली. जुन्या रंगीत फिल्ममधले रंग असे उडतात, त्याला प्रोजेक्टर काय करणार. 'मंथन'चं भाग्य वेगळं. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा 1976 चा सिनेमा नव्याने दुरुस्त होऊन 2024 ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मराठी सिनेमांच्या वाट्याला हे किती येतं?

त्याहून चीड येते ती कापाकापीची. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते. इंटरनेटवर टाकणारे महाभाग आजच्या रुंद पडद्यात भरावी म्हणून वर-खालून ती कापतात. यात चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. डोक्यावरची पगडी गेली, हातातले टाळ गेले. काही जण कापत नाहीत, ताणतात. हे ओळखायची माझी युक्ती म्हणजे चित्रात ताट, चाक किंवा कपाळावरचं कुंकू शोधायचं. लांबट दिसलं तर ताणलेलं आहे. ताणलेलं रिमोटवर '4:3' केलं की सरळ होतं, कापलेलं परत येत नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की पाहुणे हमखास म्हणतात, "पूर्ण पडदा कर ना." करू नका.

'मोशन स्मूदिंग' किंवा 'एमईएमसी' नावाची सोय चालू असेल तर पहिल्या दिवशीच बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. यंत्र मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतं आणि दिलीप कुमार दुपारच्या मालिकेतला वाटायला लागतो.

आवाज: आतला स्पीकर डब्याचा. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, म्हणून वायर लावा. जुन्या सिनेमांना छोटा स्पीकरही पुरतो. नव्यांत कुजबुज ऐकू येत नाही आणि मारामारीला शेजारी उठतात, रिमोट हातात धरूनच बसावं लागतं. आतल्या ओटीटी अ‍ॅपवर चित्र 480पीच येत होतं, परवानगीचा घोळ असतो. एचडीएमआयला ओटीटीची वेगळी स्टिक लावल्यावर सुटला.

खान्देशातल्यांसाठी खास. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, 35 अंशांपर्यंत वापरा. आमच्याकडे मे महिन्यात रात्री जेवणं उरकेपर्यंत पारा त्याच्या खाली यायला तयार नसतो. दोन वेळा यंत्र मध्यंतराच्या आधीच गरम होऊन बंद पडलं. बाजूला टेबल फॅन ठेवला की चालतं, कुलरचा ओला वारा मात्र त्यावर सोडू नका. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर निभतं. धुळीचं दुखणं मोठं. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत एक कण आत शिरला आणि प्रत्येक अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर हिरवट डाग दिसू लागला, नेमका नायकाच्या गालावर. सर्व्हिस सेंटरने पुण्याला पाठवा म्हणून सांगितलं, जाण्या-येण्याचा खर्च आमचा. शेवटी गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मागची जाळी काढून ब्लोअरने साफ करून दिलं. घेताना दुकानदाराला लेन्सपासून आतपर्यंतचा भाग बंदिस्त आहे का ते विचारा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

वॉरंटी एका वर्षाची, दिवाळीला संपतेय. पंखा थोडा घरघरायला लागलाय, तो त्याआधी बदलून घेणार आहे.