दाजींच्या फोनमधलं बेटिंग अ‍ॅप - रिव्ह्यू

नाव घेत नाही, न्यू जर्सीत जी मोठी अ‍ॅप चालतात त्यातलंच एक. सांगलीत बसून हे चालणारच नाही, लोकेशन चेक करतं, राज्याची हद्द ओलांडली की बेट लागत नाही, वय पण २१ पाहिजे. तरी लिहितोय कारण आमच्या विश्रामबागेतली निम्मी पोरं एमएसला तिकडंच निघालीत. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात ताईकडं राहिलो तेव्हा दाजींच्या शेजारी बसून सगळं बघितलं.

अ‍ॅप म्हणून लय भारी, खोटं कशाला बोलू. कुठं अडकत नाही, मॅच चालू असतानाच भाव हलत राहतो, बेसबॉलमध्ये तर पुढच्या एका पिचवर, म्हणजे टाकलेल्या एका चेंडूवर पण पैसे लावता येतात. दाजी एका हातानं भेंडीची भाजी-चपाती खात दुसऱ्या अंगठ्यानं बेट लावायचे आणि ताईला वाटायचं व्हॉट्सअ‍ॅप चाललंय. याच पिचच्या बेटवरनं नोव्हेंबर २०२५ ला क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीममधल्या दोन पिचरवर (चेंडू टाकणाऱ्यांवर) फिक्सिंगचे आरोप लागले, मग अशा बेटला २०० डॉलरची मर्यादा आली. मर्यादा आली, बंद नाही झालं हां.

आपल्याकडं आकडा लावायचा म्हणजे पानपट्टीच्या मागं जा, खाईवाल ओळखीचा पाहिजे, वर पोलिसाची भीती. त्या कटकटीनंच कितीतरी माणसं वाचली. तिकडं पण १९९२ च्या कायद्यानं नेवाडा सोडलं तर खेळांवरचं बेटिंग जवळपास बंदच होतं, मे २०१८ ला न्यू जर्सीच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा उडवला आणि आता तीसच्या वर राज्यांत चालू आहे. मॅचच्या आधी टीव्हीवरचे एक्सपर्टच भाव वाचून दाखवतात, हवामान सांगितल्यासारखं. आपण तर ऑगस्ट २०२५ ला पैशाचे ऑनलाइन गेम कायद्यानंच बंद केले, ते बरं केलं असं माझं मत, ज्याला पटत नाही त्यानं खाली भांडावं.

आता हिशोब बघा. स्क्रीनवर मायनस ११० लिहिलेलं असतं, म्हणजे १०० कमवायला ११० लावायचे. दोघांनी दोन बाजूंनी लावले तर २२० जमा, जिंकणाऱ्याला २१०, मधले १० कंपनीचे. आपल्या मार्केट यार्डातली अडतच, फक्त हळदीचं पोतं काही घरी येत नाही. असल्या तीन बेट एकत्र बांधल्या की त्याला पार्ले म्हणतात, तिन्ही जिंकल्या तरच पैसे, आणि अ‍ॅप तेच सारखं पुढं करतं, १० डॉलरचे साधारण ७० होतात म्हणून माणूस खूश, पण तिन्ही बेट निम्म्या-निम्म्या चान्सच्या धरल्या तर खरा भाव ८० चा आहे. दाजी इंजिनियर आहेत, त्यांना हे येत नाही असं थोडंच आहे, तरी शनिवारी पार्लेच.

बोनसचं पण बघून घ्या. बोनस बेट जिंकली तर फक्त वरचा नफा मिळतो, लावलेली बोनसची रक्कम परत येत नाही. ऑफर मोठ्या अक्षरात, ही अट मात्र चष्मा लावून शोधावी लागते, जुगाराच्या हेल्पलाइनचा नंबर पण तसल्याच बारीक अक्षरात.

एक ऑप्शन मात्र कामाचा आहे, डिपॉझिट लिमिट. ताईनं समोर बसवून दाजींना आठवड्याला २० डॉलरचं लावायला लावलं. कमी करायचं तर लगेच होतं, वाढवायचं म्हटलं की तो आठवडा संपेपर्यंत थांबावं लागतं. पोरांनी अकाउंट काढलंच तर पहिला डॉलर टाकायच्या आधी हे सेट करा.