वायफाय बूस्टरच्या नावाखाली माझी फसवणूक झाली, तुमची होऊ नये म्हणून लिहितेय

थोडं मोठं होईल पण शेवटपर्यंत वाचा, विशेषतः ज्यांच्या घरी आतल्या खोलीत नेट चालत नाही त्यांनी. मी जिथे फसले ती गोष्ट अगदी बारीक होती, मोबाईलच्या स्क्रीनवरचं एक चिन्ह, आणि ते डोळ्यासमोर असून मी बघितलं नाही.

आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. मोडेम आणि राउटर दोन्ही हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे कोंबलेले. मी आतल्या बेडरूममध्ये बसून काम करते, तिथे मीटिंग चालू असताना माझा आवाज तुटायचा, समोरच्याचं बोलणं अर्धवट ऐकू यायचं, त्यात शेजारच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की विचारूच नका. कंपनीला फोन केला की राउटर बंद करून चालू करा, एवढंच उत्तर. अशात एकदा मोबाईलवर जाहिरात दिसली, "घरच्या इंटरनेटची फ्री तपासणी", मी वैतागून नाव नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन आला.

दुसऱ्या दिवशी माणूस हजर. गळ्यात आयकार्ड, पाठीला लॅपटॉपची बॅग, बोलायला एकदम नम्र. "मॅडम, नेटच्या तपासणीसाठी आलोय" म्हणाला. कुठल्या कंपनीकडून, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, मी आपलं धरून चालले की आमच्या नेटवाल्यांनीच पाठवलाय. त्याने ते तसंच समजू दिलं.

आधी त्याने माझ्याच फोनवर बेडरूममध्ये स्पीड टेस्ट लावली, ९ एमबीपीएस आले. "बघा मॅडम, २०० चे पैसे भरताय आणि मिळतायत ९." हे खरंच होतं, त्यामुळे पुढचं सगळंच मला खरं वाटत गेलं. मग म्हणाला कंपनी लाइनवर लिमिट लावून ठेवते, आमचं बूस्टर ते लिमिट उघडतं. इथेच मी त्याला थांबवायला हवं होतं. लाइनचा स्पीड कंपनीच्या टोकाला प्लॅनप्रमाणे ठरवलेला असतो, घरात सॉकेटला लावलेली कुठलीही डबी तो वाढवू शकत नाही. डबी फार तर जे घरात आलंय ते थोडं लांब नेऊन देते.

डबी पांढरी, दोन अँटेना असलेली. बेडरूमच्या सॉकेटला लावली, राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण दाबून जोडली, हिरवा लाइट लागला. माझ्या फोनवर आधी एकच कांडी असायची, आता फुल. आणि मग त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून टेस्ट केली, २४० एमबीपीएस! मी म्हटलं माझ्या फोनवर पण करून दाखवा की, तर म्हणाला "तुमचा फोन जुना आहे मॅडम, त्यात एवढं नाही दिसणार." मी त्या २४० चा फोटो काढून मिस्टरांना पाठवला, इतका आनंद झाला होता. पैसे दिले. वर "वॉरंटी रजिस्टर करून देतो" म्हणून त्याने माझा फोन मागितला, मी दिला, ओटीपी आला तोही वाचून दाखवला. राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटोही काढून नेला, ज्यावर लॉगिनचा पासवर्ड असतो आणि जो आम्ही कधी बदललेला नव्हता.

संध्याकाळी मीटिंगला बसले तर आधीपेक्षा वाईट. कांड्या फुल, आणि स्पीड ६, कधी ७. त्याला फोन केला तर "दोन दिवस सेट व्हायला लागतात", नंतर फोन उचलणंच बंद.

माझा मामेभाऊ नेटवर्किंगमध्ये आहे, त्याला सगळं सांगून तो फोटो पाठवला. त्याने फोटो मोठा करून त्याच्यावर गोल करून परत पाठवला. वरच्या कोपऱ्यात वायफायची ती पंख्यासारखी खूण नव्हतीच, तिथे ५जी लिहिलं होतं. आणि २४० च्या खाली, जिथे स्पीड टेस्टवाले कुणाचं नेट आहे त्याचं नाव देतात, तिथे आमच्या फायबरवाल्यांचं नाही तर एका मोबाईल कंपनीचं नाव होतं. म्हणजे त्याने स्वतःचं वायफाय बंद ठेवून मोबाईल डेटावर टेस्ट केली होती, माझ्या बेडरूममध्ये, माझ्या समोर. प्लॅन २०० चा असताना २४० आले तेव्हाच मनात शंका यायला हवी होती.

आता त्या कांड्यांचं. फोनवरच्या कांड्या म्हणजे फोन आणि त्याच्या जवळच्या डबीमधला सिग्नल, पुढे डबी आणि राउटरमध्ये काय हाल आहेत ते त्यात दिसतच नाही. डबी माझ्या बेडरूममध्येच, म्हणजे जिथे राउटरचा सिग्नल आधीच मेलेला तिथे लावलेली, तिला स्वतःलाच जे धड मिळत नाही ते ती मला कुठून देणार. शिवाय ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी, एकच रेडिओ, त्याच चॅनलवर राउटरकडून घेणार आणि त्याच चॅनलवर मला देणार, त्यात स्पीड साधारण निम्मा होतो. रिपीटर, म्हणजे अशी सिग्नल पुढे नेणारी डबी, लावायचाच तर राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध लावतात, जिथे सिग्नल अजून चांगला असतो. भावाने सांगितलं म्हणून मी ती डबी उघडली, तर दोनपैकी एका अँटेनाला आतून वायरच नव्हती. नुसतं प्लॅस्टिक. ते बघून मला खरंच रडू आलं.

खरी गडबड कुठे होती ते भावाने व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात शोधलं, ते पण लिहिते कारण बऱ्याच घरी हेच असणार. त्याने पहिल्यांदा वायफाय बाजूलाच ठेवायला लावलं. लॅपटॉप लॅन वायरने राउटरला जोडला, टेस्ट केली, तर ९४. ९४ म्हटल्याबरोबर तो म्हणाला कुठेतरी १०० एमबीपीएसचीच लिंक आहे. मग लॅपटॉप थेट मोडेमला जोडला, तर १९८. म्हणजे कंपनी पूर्ण स्पीड देत होती! दोष मोडेम ते राउटर जाणाऱ्या वायरमध्ये होता. लॅन वायरमध्ये आत ८ तारा असतात, १०० एमबीपीएसला त्यातल्या ४ पुरतात पण गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात, आमच्या वायरच्या टोकाला एक तार तुटलेली होती, त्यामुळे लिंक गुपचूप १०० वर आली होती आणि नेट "चालू" असल्याने कुणाला कळत नव्हतं. वायर बदलली. (राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर मात्र वायर बदलून काही होणार नाही, तेही बघा.)

मग राउटर टीव्हीच्या मागून काढून पॅसेजच्या तोंडाशी उंचावर ठेवला. टीव्हीसारखी मोठी धातूची वस्तू, आरसा, फिश टँक, लोखंडी कपाट यांच्या मागे सिग्नल अडतो. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला दोन वेगळी नावं करून ठेवली, ५ ला स्पीड जास्त पण भिंतीतून कमी जातं, २.४ लांब जातं पण त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळ्यांची गर्दी. आता माझ्या बेडरूममध्ये, माझ्या त्याच "जुन्या" फोनवर, ५ वर ११० च्या आसपास येतात. डबी न लावता.

बाकीची निस्तरानिस्तर जास्त त्रासाची झाली. वॉरंटीच्या नावाखाली त्याने माझ्या कार्डवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी चढवून ठेवली होती, बँकेत जाऊन ती रद्द केली आणि कार्डही बदलून घेतलं. तुम्हीही अशा कुणाच्या हातात फोन दिला असेल तर बँकेच्या ॲपमध्ये चालू असलेले ऑटो पेमेंट आजच तपासा. राउटरमध्ये बाहेरून लॉगिन करायचा पर्याय, रिमोट मॅनेजमेंट, चालू सापडला, आम्ही तो कधीच केला नव्हता. राउटर पूर्ण रिसेट करून लॉगिनचा आणि वायफायचा असे दोन्ही पासवर्ड बदलले आणि डब्ल्यूपीएस बंद केलं. डबीचे पैसे अजून मिळालेले नाहीत, लेखी तक्रार केली आहे, सोबत तो फोटोही जोडलाय.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंकडे तसाच फोन आला, त्यांनी त्याला बोलावूनही टाकलं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की काकू, टेस्ट तुमच्याच फोनवर करायला लावा, मोबाईल डेटा बंद करून. त्यांनी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "तुमचा फोन जुना आहे." काकूंचा फोन दिवाळीत मुलाने घेऊन दिलेला, नवाकोरा. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.