दोन हजार पुस्तकं, चार लिप्या आणि विक्रीचा हिशेब: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा गेल्या महिन्यात फोन आला. "भाऊ, वडिलांची दोन हजारांवर पुस्तकं आहेत. निम्मी घरात ठेवायचीत, निम्मी वाचणाऱ्याच्या हाती जायला हवीत. यादी करायला कुठलं ॲप घेऊ?" जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात असल्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर येतो. ताईंना फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट मांडतो.

पहिली गोष्ट. या कामाची सॉफ्टवेअरं दोन जातींची आहेत. एका जातीला पुस्तक कळतं, पण विक्री कळत नाही. दुसरीला विक्री कळते, पण तिच्या लेखी पुस्तक आणि साबणाची वडी एकच. जुन्या पुस्तकाला मात्र या दोन्हींपलीकडचं काहीतरी लागतं. ते म्हणजे प्रत. माझ्याकडे एकाच कादंबरीच्या तीन प्रती आहेत. एक प्रथमावृत्ती, लेखकाच्या सहीची. दुसरीवर वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि पुठ्ठ्याची नवी बांधणी. तिसरीची शेवटची चार पानं गायब. पहिलीचे मी सहाशे रुपये सांगतो, दुसरीचे दीडशे आणि तिसरी चाळीसलाही देताना गिऱ्हाइकाला पानं मोजून दाखवतो. जे सॉफ्टवेअर या तिघींना "शिल्लक: ३ नग" म्हणेल, ते आपल्या कामाचं नाही.

म्हणून प्रत्येक पर्याय मी तीन पुस्तकांवर तपासतो. एक, मागे बारकोड असलेलं नवं मराठी पुस्तक. दुसरं, शके १८७८ छापलेलं, आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा जागतिक ओळख क्रमांक) नसलेलं. तिसरं तेलुगू, कारण हे सोलापूर आहे. इथल्या कुठल्याही जुन्या कपाटात मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू पुस्तकं निघतातच.

टॅलीप्राइम किंवा "व्यापार" नावाच्या ॲपसारखी बिलाची ॲप्स. दुकानात शालेय पुस्तकं, गाईडं, वह्या असतील तर हीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. बिल, उधारी, पुरवठादाराचं देणं हे सगळं तिथे चोख होतं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ४९०१ टाकून ठेवला की बिलाचं काम सरळ होतं. पण जुन्या पुस्तकांसाठी प्रत्येक प्रत हा वेगळा माल म्हणून उघडावा लागतो. आवृत्ती, पानं, बांधणी यांना स्वतःची जागा नसते, सगळं नावात किंवा वर्णनात कोंबावं लागतं. दोन हजार प्रतींचं असं खातं वर्षभरात गुंत्यात जातं.

लायब्ररीथिंग. पुस्तक कळणाऱ्या जातीतलं माझं आवडतं. २००५ साली अमेरिकेत सुरू झालं. आधी दोनशे पुस्तकांपुढे पैसे पडायचे, २०२० पासून सगळं मोफत आहे. आयएसबीएन, शीर्षक किंवा लेखक टाकला की जगभरच्या ग्रंथालयांच्या तालिकांतून नोंद शोधता येते. आयएसबीएन नसलेल्या दुसऱ्या पुस्तकासाठी याचं मोल मोठं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६०च्या दशकापासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं मोठ्या संख्येने घेतली. त्यामुळे आपल्या पोटमाळ्यावरच्या एखाद्या मराठी पुस्तकाची पानं, साल, प्रकाशक अशी शिस्तशीर नोंद वॉशिंग्टनच्या तालिकेत सापडते. फक्त ती रोमन लिपीत असते, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली ठिपके दिलेली. ते देवनागरीत आपल्याला हाताने लिहावं लागतं. दहा-पंधरा नोंदींत हात बसतो. विक्री लिहायला मात्र इथे सोय नाही. "विकलं" असा वेगळा संग्रह करून पुस्तक तिकडे हलवता येतं, खाजगी टिपणात रक्कमही लिहिता येते. पण मार्चअखेर बेरीज मागितलीत तर ती मिळणार नाही.

सीएलझी बुक्स, म्हणजे बुक कलेक्टर. हॉलंडचं. दरवर्षी वर्गणी भरावी लागते. फोनचा कॅमेरा बारकोडवर धरला की पुस्तक यादीत येतं. नवं पुस्तक नोंदवायला याच्याइतकं झपाट्याचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. संग्रहात, विकायला काढलेलं, विकलेलं अशा अवस्थाही त्यात आहेत. पुस्तक आणि विक्री या दोन्हींकडे बघणारं म्हणून ते सगळ्यांत जवळचं. पण बारकोडवर चालणाऱ्या कुठल्याही ॲपची मजल त्याच्यामागच्या माहितीसाठ्याइतकीच असते. आयएसबीएनची पद्धत जगात १९७० नंतर रुजली. आपल्याकडे तर नव्वदच्या दशकातल्या मराठी पुस्तकांवरही तो पुष्कळदा नसतो. कपाटातून डोळे मिटून वीस पुस्तकं काढा आणि मागे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक कितींवर आहे ते मोजा. पंधरांवर असेल तर वर्गणीचे पैसे वसूल. पाचांवर असेल तर उरलेली पंधरा हातानेच टंकायची आहेत, आणि ते फुकटातही होतं.

कोहा. १९९९-२००० मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयासाठी बनलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. सॉफ्टवेअर मोफत आहे, कोणीही वापरावं. प्रत म्हणजे काय हे सगळ्यांत नीट यालाच कळतं. ग्रंथाची नोंद एक, तिच्याखाली प्रत्येक प्रतीची वेगळी, स्वतःच्या बारकोडसह. कन्नड, तेलुगू, उर्दूचीही अडचण नाही. पण ते लिनक्स सर्व्हरवर बसवावं लागतं, कोणीतरी जाणकाराने सांभाळावं लागतं, आणि त्याचा सगळा जीव देवघेवीत आहे. पुस्तक गेलं ते परत येणार, हे धरूनच ते चालतं. सार्वजनिक वाचनालयाने डोळे झाकून घ्यावं. घरातल्या दोन हजार पुस्तकांसाठी ते उभं करणं म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

आता ज्यावर मी स्वतः येऊन थांबलो ते. एक्सेल किंवा गुगल शीट.

त्याआधी फोनवरचं एक मोफत ॲप वापरलं होतं. सातशे नोंदी झाल्यावर फोन पाण्यात पडला. यादी बाहेर काढायची सोयच त्या ॲपमध्ये नव्हती. सातशे पुस्तकं पुन्हा कपाटातून उतरवली. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर असो, पहिल्या पाच नोंदी झाल्या की यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढून बघतो. निघाली तरच सहावी नोंद.

शीटमध्ये दोन पानं करा. पहिलं पुस्तकांचं: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, गाव, साल, आवृत्ती, पानं, बांधणी, स्थिती, कपाट-खण, घेतल्याची किंमत, सांगायची किंमत. दुसरं विक्रीचं: तारीख, दाखल क्रमांक, गिऱ्हाईक, आलेली रक्कम, टपाल किंवा कुरिअरचा खर्च. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे दाखल क्रमांक. तो प्रत्येक प्रतीला वेगळा द्यायचा आणि शेवटच्या पानावर आत, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहायचा. पेनाने कधीच नाही, चिकटपट्टीही नको. आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. विकलेल्या पुस्तकाची ओळ पुसायची नाही. दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हाती येतं, तेव्हा मागे काय भाव मिळाला हे सांगणारी तेवढीच ओळ असते.

विक्रीची नोंद त्याच क्षणी करा. एकदा एका प्रदर्शनात टेबलावर एक चरित्र विकलं आणि नोंद रात्री करू म्हणून ठेवली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पुण्याच्या एका गृहस्थांना तेच पुस्तक "आहे" म्हणून कळवलं, त्यांनी पैसेही पाठवले. पैसे परत केले, माफी मागितली. त्यांनी पुन्हा कधी पुस्तक मागवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. गुगल शीट फोनवर उघडतं, म्हणून आता एक्सेलपेक्षा तेच.

शीटचे दोन काटे आधीच सांगतो. आयएसबीएनचा रकाना सुरुवातीलाच "टेक्स्ट" करून घ्या. नाहीतर एक्सेल त्या तेरा अंकांचं ९.७८ई+१२ असं काहीतरी करून दाखवतं, आणि तशी फाइल सीएसव्हीत साठवली तर पुढचे अंक कायमचे जातात. दुसरा काटा देवनागरीचा. "ॲ" हे अक्षर संगणकात दोन प्रकारे बसतं: एक सलग, दुसरं "अ"वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरं सापडत नाही. जुन्या पुस्तकांवरचे "कांहीं", "नांव" हे अनुस्वारही तसेच. मी शीर्षक जसं छापलंय तसं लिहितो आणि शेजारी "शोध" नावाच्या रकान्यात आजच्या शुद्धलेखनाने. गावाचंही तेच करतो. इंग्रजी मुखपृष्ठांवर आपलं गाव शोलापूर असतं. इथूनच निघालेल्या जीवराज जैन ग्रंथमालेचे खंड शोधणारा अभ्यासक हटकून त्याच स्पेलिंगने येतो.

हा "शोध" रकाना मला शहराच्या पूर्व भागातल्या एका आजोबांनी शिकवला. ते तेलुगू पुस्तक विचारत आले. मी शीटमध्ये नाव देवनागरीत शोधलं आणि "नाही, अण्णा" म्हणालो. ते उठले, कपाटापाशी गेले आणि तिसऱ्या खणातून पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. मी त्याची नोंद तेलुगू लिपीत केली होती. तेव्हापासून मूळ लिपीतलं शीर्षक एका रकान्यात आणि देवनागरीतला उच्चार दुसऱ्यात. फोनच्या कीबोर्डवर कन्नड-तेलुगू सुरू करता येतं. वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणा अक्कांना बोलवा, त्या हौसेने वाचून देतात. उर्दू उजवीकडून चालते, म्हणून तिच्या शीर्षकाच्या घरात साल किंवा खंड क्रमांक लिहू नका, आकड्यांची जागा उलटीपालटी दिसते. आणि शके असेल तर शकेच लिहून शेजारी ७८ मिळवून इसवी सन द्या.

ताईंना शेवटी हे सुचवलं. त्यांनी मोजलेल्या वीस पुस्तकांपैकी चारांवरच आयएसबीएन निघाला, म्हणजे वर्गणीचं ॲप नको. गुगल शीट, दोन पानं, रोज तीस पुस्तकं. दोन-सव्वादोन महिन्यांत काम संपतं. घरात ठेवायच्या हजार पुस्तकांची यादी नंतर लायब्ररीथिंगवर चढवावी. शीटमधून ती आयात करता येते आणि वडिलांच्या अमेरिकेतल्या नातवालाही आजोबांचं कपाट बघता येईल. विकायची मात्र शीटमध्येच राहू द्यावीत. परवा त्यांचा निरोप आला, चारशे दहावर पोचल्या आहेत. एका कन्नड पुस्तकात वडिलांनी कडेला पेन्सिलीने लिहिलेली टिपणं सापडली. ते पुस्तक त्यांनी विक्रीच्या ढिगातून परत उचलून घेतलं आणि शीटमध्ये किंमतीचा रकाना रिकामा ठेवला.