आठ महिने कमरेला उघडं पिस्तूल: टेक्सासमधला अनुभव

पिस्तूल कमरेला उघडं लावू द्यावं की नाही, हा वाद मग घालू, आधी वस्तू सांगतो. पिस्तूल ग्लॉक 19, नऊ एमएम गोळीचं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, पँटच्या बाहेर पट्ट्यावर बसणारं, अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल न सोडणारं. पट्टा दीड इंची, आतून ताठ. ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत आमची चार एकर जागा आहे. शनिवार-रविवार तिकडेच जातात, आणि गेले आठ महिने तिथे हे सगळं कमरेवर उघडं असतं.

हे माझं दुसरं होल्स्टर. पहिलं चामड्याचं होतं, दिसायला देखणं. दोन महिन्यांच्या घामाने ते मऊ पडलं. एकदा फीड स्टोअरच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानाच्या, बाहेर कोंबड्यांच्या खाद्याचं पन्नास पौंडी पोतं गाडीत टाकायला वाकलो, तर पिस्तूल अर्धं वर आलेलं कोपराला लागलं. पोटात गोळा आला. आमच्या शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पडणारी बंदूक झेलायची नाही, पडू द्यायची. झेलताना बोट नेमकं ट्रिगरवर जातं. पडलं नाही, पण त्याच संध्याकाळी ते चामडं अडगळीत गेलं. ग्लॉकला वेगळा सेफ्टीचा खटका नसतो, ट्रिगरमध्ये आणि आतल्या यंत्रात जी काय आपोआप चालणारी सोय आहे ती. म्हणजे ट्रिगर पूर्ण झाकणारं, ताठ होल्स्टर हीच खरी सेफ्टी. झाकलेलं पिस्तूल चोराला दिसत नाही. उघड्यावर कोणीही हात घालू शकतो. म्हणून उघडं लावणाऱ्याने खटक्याशिवायचं होल्स्टर घेऊच नये.

आता कायद्याचं. काऊबॉयच्या या राज्यात 1871 पासून कमरेला उघडं पिस्तूल लावायला बंदी होती, हे इथल्या देशी लोकांना सांगितलं तर पटत नाही. रायफल खांद्याला लावून फिरलात तर चालायचं, पिस्तूल नाही! झाकून बाळगायचा परवाना 1995 च्या कायद्याने आला. त्यामागे किलीन या टेक्सासमधल्याच गावची घटना होती. 16 ऑक्टोबर 1991 ला तिथल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने 23 जणांना मारलं. सुझॅना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. कायदा मोडू नये म्हणून त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवलं होतं. आईवडील दोघंही गेले. पुढे त्या आमदार झाल्या आणि या विषयावर बोलत राहिल्या. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना उघडं लावता येऊ लागलं आणि 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याचीही अट गेली. होल्स्टरची अट मात्र आहे.

माझ्या मते उघडं बाळगायला परवानगी हवी, पण छाती काढून मिरवायला नव्हे. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. झाकायचं तर टी-शर्टवर आणखी एक शर्ट चढवा. कुंपणाची तार ओढताना तो वर सरकणारच. पूर्वी परवाना असलेल्या माणसालाही, आपलं पिस्तूल कोणाला दिसलं तर खटला होईल, ही धास्ती असायची. वाऱ्याने शर्ट उडाला म्हणून कोणी गुन्हेगार ठरू नये, एवढी साधी गोष्ट आहे. रानडुकरं आणि रॅटलस्नेक असलेल्या माळावर तर झाकून ठेवायचं कोणापासून?

गावाप्रमाणे नजरा बदलतात. फीड स्टोअरमध्ये कोणी ढुंकून बघत नाही. शहरात मात्र सावळा, दाढीवाला माणूस कमरेला पिस्तूल लावून कॉफीच्या रांगेत उभा राहिला की कुजबुज होते. तसाच गोरा म्हातारा माझ्यापुढे उभा असला तरी. याचा राग येतो, नाही असं नाही. शहरात मी झाकूनच नेतो. दुकानदाराला नको असेल तर तो 30.07 ची, म्हणजे त्या कलमाखाली उघडं पिस्तूल आणायला मनाई करणारी, पाटी लावतो, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान इंचभर उंचीच्या अक्षरांत. एच-ई-बी या इथल्या किराणा दुकानांच्या साखळीत उघडं चालत नाही. वॉलमार्टने 2019 मध्ये, एल पासो शहरातल्या त्यांच्याच दुकानातल्या हत्याकांडानंतर, गिऱ्हाइकांना उघडं आणू नका अशी विनंती केली. जागा त्यांची, शब्द त्यांचा. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असतो, तिथे तर प्रश्नच नाही. त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत.

विरोधकांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. 7 जुलै 2016 ला डॅलसमध्ये मोर्च्यावेळी पाच पोलीस मारले गेले. त्या गर्दीत कित्येक जण कायदेशीरपणे रायफली लटकवून आले होते. त्यातल्या एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केला. गोळीबार सुरू झाल्यावर कोण कोणाचा, हे कसं ओळखायचं? म्हणून मोर्चा, जत्रा, दाटीची जागा असेल तर मी लावत नाही. बंदी घाला असं मात्र म्हणणार नाही.

लायसनची सक्ती नसली तरी मी काढलं. चाळीस डॉलर फी, चार ते सहा तासांचा वर्ग, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या. परीक्षा सोपी आहे, फार सोपी. पण ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवून काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचं, ते तिथे कळलं.

कोल्हापूरकडच्या काकांकडे उसाच्या रानासाठी बाराबोर आहे. व्हिडिओ कॉलवर माझी कंबर बघून त्यांनी पहिलं विचारलं, "आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला लागतंय का न्हाई?" नाही म्हटल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत.

एच-वन व्हिसावर असाल तर आधी वकिलाला गाठा. त्या व्हिसावर बंदूक बाळगणं, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. मी ग्रीन कार्डानंतरच घेतलं.

बाकी तक्रारी किरकोळ. गाडीत बसताना सीटबेल्टचं बक्कल होल्स्टरला आपटतं. भरलेलं पिस्तूल पाऊण किलोच्या वर जातं, संध्याकाळी उजवा कुल्हा बोलतो. होल्स्टरचे स्क्रू दर दीड-दोन महिन्यांनी ढिले होतात; पिस्तूल रिकामं करून, बाजूला ठेवून, प्रत्येकावर लॉक्टाइटचा (स्क्रू घट्ट धरून ठेवणारा डिंक) निळा थेंब सोडा आणि रात्रभर सुकू द्या.