पाद्रोन १९६४ मदुरो: एक पावसाळा काढल्यावरचं मत

पाद्रोन ही सिगार बनवणारी कंपनी, मदुरो म्हणजे बाहेरचं पान गडद रंगाचं. माझी सिगार एक्स्क्लुझिव्हो आकाराची. लांबी साडेपाच इंच, रिंग गेज ५०, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातल्या ५० इतकी जाडी. दाबून चौकोनी केलेली आहे, त्यामुळे बोटांत छान बसते आणि टेबलावरून गडगडत नाही. कंपनी १९६४ची, मायामीतली. ही मालिका तिच्या तिसाव्या वर्षी, १९९४ला निघाली. तंबाखू निकाराग्वाची, किमान चार वर्षं मुरवलेली. सिगारभोवती दोन कागदी पट्ट्या असतात, त्यातल्या दुसरीवर क्रमांक छापलेला असतो. कुणी बाहेरून आणून देणार असेल तर आधी त्या पट्टीचा फोटो मागवा, नकली माल भरपूर फिरतो.

आता चव. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन बघा. मनुका आणि कोको तिथेच लागतात. पेटवल्यावर सुरुवातीला काळी मिरी जिभेवर येते, पण भांडत नाही. खरी मजा मधल्या भागात. जायफळ घातलेली दुधाची कॉफी, मागे भाजलेल्या अक्रोडाचा खरपूसपणा, आणि धूर इतका दाट की तोंडात धरून ठेवावासा वाटतो. थोडासा नाकातून सोडला तर मिरी पुन्हा कळते. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केलीत की गरम होते आणि कडवटपणा येतो. शेवटचा तिसरा हिस्सा मला आवडत नाही. पट्टीच्या जवळ आली की मी ठेवून देतो, रसिकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. रिकाम्या पोटी तर अजिबात नको, डोकं गरगरतं.

पण मुंबईत ही सिगार कशी लागेल ते जुलैत हवा ठरवते. प्रभादेवीला समुद्राकडे तोंड असलेल्या घरात पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो, तिथे मुरलेल्या पानाची काय कथा? उघड्यावर राहिलेली सिगार फुगते, ओढायला जड जाते, एका बाजूनेच जळते, मध्येच विझते आणि कोकोच्या जागी नुसता ओला कडूपणा उरतो. तीच सिगार ६५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे विसावली की परत बोलू लागते. लाकडी पेटी दिसायला देखणी, पण झाकण जरा सैल असलं तर पावसाळ्यात बाहेरचा दमटपणा आत येतो. माझा भरवसा रबरी कडेच्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यावर, त्यात आर्द्रता राखणारी ६५ची पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक. ६९ची पाकिटं इथे मला जास्त वाटली. डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा, कारण गरमीत तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात.

धूर छातीत घ्यायचा नसतो म्हणून ही निरुपद्रवी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका; तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. आणि गॅलरीत बसलात तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत नाहीत ना, ते आधी बघा.

किंमत जास्तच, त्यात आयात शुल्क. पुन्हा घेईन, पण डिसेंबर-जानेवारीत ओढण्यापुरत्या, आणि याच मालिकेतली प्रिन्सिपे आकाराची घेईन. ती आखूड आहे, अर्ध्या-पाऊण तासात संपते.